चिकनगुनिया जाऊन आठ महिने झाले, दुखणं का जात नाही?

करवीर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे, तो थोडक्यात असा. आई ५४ वर्षांच्या. गेल्या पावसाळ्यात त्यांना चिकनगुनिया झाला, ताप चार-पाच दिवसांत उतरला. आज आठ महिने झाले तरी सकाळी हाताची बोटं मिटत नाहीत आणि म्हशीची धार काढता येत नाही. धाकटा भाऊ २६ वर्षांचा, त्याच साथीत पडला. त्याचे सांधे महिन्याभरात सुटले, पण फौंड्रीत एक शिफ्ट ओढली की पुढचे दोन दिवस तो अंथरुणातून उठत नाही. दोघांचेही रिपोर्ट नॉर्मल. एका दवाखान्यात ‘मनाचं आहे’ म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी ‘प्रतिकारशक्ती कमी झालीय’. शेजारच्या गावातल्या एकाने पुडी दिली, तिने आईंना दोन दिवसांत बरं वाटलं. ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. विषाणू अजून अंगात आहे का? प्रतिकारशक्ती वाढवायला काय द्यावं? आणि या आजारावर कुठे संशोधन चालू आहे की नाही?

ताई, मी सांधेविकारांचा डॉक्टर आहे आणि असे रुग्ण कोल्हापुरात दर पावसाळ्यानंतर पाहतो. आधी मुद्द्याचं सांगतो. तुमच्या आईंचं दुखणं खरं आहे, भावाचा थकवाही खरा आहे. दोघांचीही प्रतिकारशक्ती कमी झालेली नाही. आईंच्या बाबतीत ती काम संपल्यावरही थांबलेली नाही, त्यामुळे ती ‘वाढवण्याचं’ औषध हे उलट्या दिशेचं पाऊल ठरतं. शिवाय डास एकच असला तरी मागे राहिलेले आजार दोन आहेत. आईंना जे लागू पडेल ते भावाला लागू पडणार नाही. भावाचं दुखणं आईंच्या औषधाने वाढणार नाही कदाचित, पण हटणारही नाही.

सगळ्यात आधी पुडीचं बघू, कारण ते थांबण्यासारखं नाही. महिनोन् महिने न हटलेले सांधे दोन दिवसांत मोकळे झाले, भूक वाढली, चेहरा भरल्यासारखा दिसू लागला, तर त्या पुडीत स्टेरॉइड असण्याची शक्यता फार मोठी आहे. स्टेरॉइड वाईट औषध नाही, मीही ते लिहितो. पण किती मिलिग्रॅम आणि किती दिवस हे ठरवून लिहितो. पुडीत दोन्ही माहीत नसतं. त्यातून साखर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, आणि आपल्याकडे सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे दबलेला क्षयरोग पुन्हा डोकं वर काढतो. आता नीट लक्षात ठेवा, तीन आठवड्यांपेक्षा जास्त पुडी चालू असेल तर ती एका दिवसात बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपलं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतात. अचानक तोडलं तर बीपी कोसळतं, उलट्या होतात, माणूस बेशुद्ध पडू शकतो. उरलेल्या पुड्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे घेऊन जा. लाजायचं कारण नाही. कमी करत करत ती कशी सोडायची हे ते सांगतील.

आता ‘रिपोर्ट नॉर्मल’. कोणते रिपोर्ट? तुम्ही पाठवलेल्या यादीत सीबीसी, ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, एएसओ टायटर आणि युरिक अ‍ॅसिड आहे. बहुतेक लॅबच्या ‘आर्थरायटिस प्रोफाइल’मध्ये हेच असतं. एएसओ टायटर घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूची लागण शोधतं, ५४ व्या वर्षी, चिकनगुनियानंतर, त्याने काहीही ठरत नाही. सीआरपी, म्हणजे रक्तातली सुजेची खूण, नॉर्मल असूनही सांध्याच्या अस्तराला सूज असू शकते. आरए फॅक्टर चिकनगुनियानंतर काही काळ पॉझिटिव्हही येतो, त्यावरून लगेच संधिवाताचा शिक्का मारून घेऊ नका. अँटी-सीसीपी ही तपासणी जास्त उपयोगाची आहे. चिकनगुनियाच्या सांधेदुखीत ती बहुधा निगेटिव्ह असते, ठळक पॉझिटिव्ह आली तर खरा संधिवात सुरू झालाय का ते बघावं लागतं. आणखी एक गोष्ट लोकांना फार घाबरवते, ती म्हणजे आठ महिन्यांनी पुन्हा केलेली चिकनगुनिया आयजीएम पॉझिटिव्ह येणं. ही अँटिबॉडी कित्येक महिने रक्तात टिकते. तिचा अर्थ पुन्हा लागण झाली असा होत नाही.

खरी तपासणी हातांची आहे. पेशंट समोर बसला की मी दोन्ही मुठी वळायला सांगतो आणि बोटांची टोकं तळव्यापासून किती लांब राहतात ते बघतो. मग चार बोटांच्या मुळांशी, मुठीच्या उंचवट्यांवर, दोन्ही बाजूंनी हलकेच दाबतो. सूज असेल तर तोंडावर कळ उमटते, आणि दोन उंचवट्यांमधली खाच बुजलेली असते, तिथे बोट लावलं की स्पंजासारखं लागतं. मनगट पालथं करून तसंच. मग विचारतो, सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो? चहा होईपर्यंत की पोरं शाळेला जाईपर्यंत? अर्ध्या तासापेक्षा जास्त असेल तर ते सुजेचं दुखणं. ज्या पेशंटच्या हाताला कुणी हात लावलेला नाही, त्याचे रिपोर्ट नॉर्मल आहेत या म्हणण्याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही. शंका राहिली तर सांध्यांची सोनोग्राफी करतात. अस्तर जाड झालंय का, त्यात रक्तप्रवाह वाढलाय का हे तिथे डोळ्यांना दिसतं.

विषाणू अजून अंगात आहे का, हा तुमचा प्रश्न साधा वाटला तरी त्याच्यावर जगभर वीस वर्षं काम झालं आहे.

आपल्या महाराष्ट्राला हा आजार नवा नाही. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला चिकनगुनियाची मोठी साथ आली होती, पुढे जवळपास ३२ वर्षं तो देशातून गायब झाल्यासारखा होता. २००५ च्या अखेरीस परतला आणि २००६ मध्ये देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. त्याच काळात हिंदी महासागरातल्या रियुनियन या फ्रेंच बेटावर तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांना लागण झाली. बेट लहान, दवाखाने चांगले, नोंदी पक्क्या. त्यामुळे ताप गेल्यावर माणसांचं पुढे काय होतं हे तिथे वर्षानुवर्षं तपासता आलं. सांधे धरून बसलेली माणसं महिन्यांनीच काय, वर्षांनीही दिसत राहिली. पुढे वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र केले तेव्हा सुमारे ४० टक्के रुग्णांमध्ये सांधेदुखी रेंगाळते असं आढळलं. बायकांमध्ये आणि पंचेचाळिशीच्या पुढे प्रमाण जास्त. तुमच्या आई दोन्हीत बसतात.

विषाणू टिकतो का, यावर पुरावे दोन्ही बाजूंचे आहेत. २०१० मध्ये माकडांवरच्या प्रयोगात दिसलं की रक्तातून विषाणू गेल्यावरही तो प्लीहा आणि लसिकाग्रंथींतल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशींत तीन महिन्यांपर्यंत सापडतो. मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळून साफसफाई करणाऱ्या आपल्याच पेशी. त्याच वर्षी रियुनियनच्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात, आजारानंतर १८ महिन्यांनी, अशाच पेशींत विषाणूच्या जनुकीय खुणा मिळाल्या. मग २०१८ मध्ये कोलंबियातला अभ्यास आला. तिथे आजाराला सरासरी २२ महिने झालेल्या ३८ रुग्णांच्या सांध्यांतलं पाणी काढून तपासलं. पीसीआरने शोधलं, विषाणूची प्रथिनं शोधली, पेशींत वाढवून बघितलं. जिवंत विषाणू एकाच्याही सांध्यात मिळाला नाही. पंचगंगेचा पूर ओसरला तरी घरात चिखल राहतो, तसं काहीसं हे असावं: विषाणू गेलेला, पण त्याचे अवशेष काहींच्या सांध्यांत राहिलेले आणि शरीर त्यांच्याशी अजून झुंजतंय. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. आठव्या महिन्यात ‘व्हायरस मारणारं’ औषध, सलाईन किंवा इंजेक्शन याला आधार नाही. आई दुसऱ्या कुणाला आजार देणार नाहीत. त्यांचं ताट-वाटी वेगळं करण्याची काहीच गरज नाही.

मग झुंजतंय कोण? सिंगापूरच्या रुग्णांमध्ये दुखणं रेंगाळलेल्यांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ आणि जीएम-सीएसएफ हे दोन सूज पेटवणारे निरोप्या रेणू जास्त मिळाले. हैतीहून आजारी होऊन परतलेल्या काही अमेरिकन स्वयंसेवकांच्या रक्तातल्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्याच पेशी) २०१५ मध्ये तपासल्या तेव्हा त्यांचं चित्र नेहमीच्या संधिवातासारखंच निघालं. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती, कारण संधिवात कसा शमवायचा हे आम्हाला ठाऊक आहे. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं ते ज्या शोधासाठी, त्याचा इथे थेट संबंध आहे. शरीरात काही टी पेशींचं कामच मुळी बाकीच्यांना आवर घालण्याचं असतं. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. चिकनगुनिया दिलेल्या उंदरांमध्ये या पेशींची संख्या औषधाने वाढवली तेव्हा सांध्यांची सूज कमी झाली. माणसांसाठी असं औषध अजून हातात नाही, पण दिशा कळली आहे. इलाज शोधायचा तो आवर घालण्याच्या बाजूने.

म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या सल्ल्याला मी ठाम विरोध करतो. काढे, पावडरी, ‘इम्युनिटी बूस्टर’ नावाच्या बाटल्या, यांतल्या बऱ्याचशा निरुपयोगी आहेत, काही मात्र निरुपद्रवी नाहीत. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. ती सूज शरीराने स्वतःच्याच यकृतावर हल्ला केल्यावर येते तशा प्रकारची होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. तो वाद बाजूला ठेवू. पण तुमच्या आईंना उद्या मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध सुरू करावं लागलं तर ते यकृतावर लक्ष ठेवूनच द्यावं लागतं, आणि शेजारी काढा चालू असेल तर बिघाड कशाने झाला हेच कळत नाही. घरात गुळवेल चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

संसर्ग होऊन गेल्यावर शरीराने स्वतःवरच उलटण्याची उदाहरणं आपल्या ओळखीतली आहेत. घसा दुखतो, बरा होतो, दोन-तीन आठवड्यांनी पोराचे गुडघे-घोटे सुजतात आणि पुढे हृदयाच्या झडपा खराब होतात. हा संधिवाताचा ताप म्हणजे तेच. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूचं एक प्रथिन आपल्या हृदयातल्या प्रथिनांशी मिळतंजुळतं असतं, आणि त्या जंतूविरुद्ध बनलेल्या अँटिबॉडी झडपांनाही शत्रू समजतात. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गिया बारे (जीबीएस) या नसांच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्यातही दूषित पाण्यातल्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूचं आवरण आणि आपल्या नसांवरचं आवरण यांतलं साम्य नडलं. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटी लोकांच्या नोंदींतून दिसलं की एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराचा धोका ३२ पटींनी वाढतो. साध्या तापाने सुरू होऊन वर्षांनी भलत्याच अवयवावर निघणारे आजार आहेत, ही गोष्ट आता तर्काची राहिलेली नाही.

आईंच्या उपचारांकडे येतो. पहिल्या तीन आठवड्यांचा तो तीव्र टप्पा, तीन महिन्यांपर्यंत मधला, त्यापुढे जुनाट, असे भाग फ्रेंच डॉक्टरांनी पाडले आणि आम्हीही तेच मानतो. आठव्या महिन्यात सूज असेल तर नुसत्या वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढणं चुकीचं आहे. त्या गोळ्यांनी किडनी आणि पोट मात्र बिघडतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बऱ्याच जणांना पहिल्यांदा दिलं जातं. केरळात कोझिकोडला झालेल्या एका चाचणीत मेथोट्रेक्सेट, सल्फासालाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही तिन्ही एकत्र दिलेल्या रुग्णांना एकट्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनपेक्षा सहा महिन्यांत जास्त आराम पडला. प्रत्येकाला तिन्ही लागतात असं नाही. किती सांधे सुजलेत, यकृत-किडनी कशी आहे, यावरून ठरतं.

मेथोट्रेक्सेट दिलंच तर एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या: ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवा, कॅलेंडरवर त्या वाराला गोल करा, आणि गोळ्यांची पट्टी आईंच्या रोजच्या बीपीच्या गोळ्यांसोबत एका डब्यात ठेवू नका. सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिसची तपासणी, यकृत आणि किडनी, मग ठरलेल्या अंतराने पुन्हा रक्त. सोबत फॉलिक अ‍ॅसिड. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत ‘काही गुण नाही’ म्हणून सोडून पुन्हा पुडीकडे वळणारी माणसं मी बघतो, तेव्हा फार वाईट वाटतं, कारण औषध लागू पडायच्या आतच ते सुटलेलं असतं.

आणि धार. आपल्याकडे पुष्कळ बायका अंगठा मुडपून, त्याच्या सांध्यावर सड दाबून धार काढतात. सुजलेल्या हाताला त्याच्याइतकी वाईट सवय नाही. सगळा जोर अंगठ्याच्या सांध्यावर येतो. पूर्ण मुठीने, सड तळव्यात धरून काढली तर जोर वाटला जातो, शिवाय सडालाही ते चांगलं. सुरुवातीचे दोन महिने धारेचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या, किंवा दूध संस्थेतल्या कुणाकडे छोटं मशीन असेल तर विचारा. उठल्या उठल्या हात कोमट पाण्यात दहा मिनिटं धरून, पाण्यातच मुठी वळणं-सोडणं. धुणं पिळणं बंद. मी हे औषधाइतक्याच गांभीर्याने लिहितोय, कारण ज्या बाईचा दिवस पहाटेच्या धारेने सुरू होतो तिच्या सांध्यांना विश्रांती ‘आराम करा’ एवढं सांगून मिळत नाही, घरातली कामं वाटून घेतल्यावरच मिळते.

भावाचं वेगळं आहे, आणि त्याच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण त्याच्या हातावर सूज दिसणार नाही आणि म्हणून कुणी विश्वास ठेवणार नाही.

ऑस्ट्रेलियात डबो नावाचं शेतीवाडीच्या मुलखातलं गाव आहे. तिथल्या २५३ रुग्णांचा ताप आल्यापासून पाठपुरावा केला गेला, अभ्यास २००६ मध्ये छापून आला. संसर्ग तीन प्रकारचे होते: एपस्टाइन-बार, क्यू फीवर आणि रॉस रिव्हर विषाणू. यातला रॉस रिव्हर हा चिकनगुनियाचा चुलतभाऊ, डासानेच पसरणारा. तीन वेगळे जंतू, तरी सहा महिन्यांनी सुमारे १२ टक्के लोक सारख्याच अवस्थेत होते: थकवा, अंगदुखी, डोकं न चालणं. या दीर्घ थकव्याच्या आजाराला डॉक्टर एमई/सीएफएस म्हणतात. कुणाला होणार हे मूळ आजार किती जोराचा होता त्यावर ठरलं. स्वभाव, आधीचं मानसिक दुखणं यांवरून ते ओळखता आलं नाही. ‘मनाचं आहे’ म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास वाचावा असं मला मनापासून वाटतं. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात डॉक्टर-नर्सेसमध्येच अशी साथ आली होती, आणि १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, त्या रुग्णांना न तपासता, जुन्या कागदांवरून तिला सामूहिक उन्माद ठरवलं. त्या शिक्क्याने पुढची कित्येक वर्षं वाया घालवली. कोविडनंतर लाखो माणसं त्याच अवस्थेत पोचली तेव्हा कुठे पैसा आणि प्रयोगशाळा याकडे वळल्या.

भावाच्या लक्षणांत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की शिफ्ट करताना तो ठीक असतो आणि दुसऱ्या दिवशी कोसळतो. श्रमानंतर बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी येणारी ही पडझड साध्या अशक्तपणात नसते. अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०२४ मध्ये लाँग कोविडच्या २५ रुग्णांना सायकल चालवायला लावून आधी आणि नंतर मांडीच्या स्नायूचा तुकडा तपासला, सोबत २१ निरोगी माणसंही होती. रुग्णांच्या स्नायूंत पेशींची ऊर्जा बनवण्याची क्षमता कमी होती, आणि श्रमानंतर स्नायूंना इजा झालेली दिसली. म्हणजे तालमीत घाम गाळला की आजार पळतो हा आपल्या कोल्हापूरचा विश्वास या एका आजारात माणसाला आणखी आजारी करतो. जोर-बैठका मारून बरा होईन असं त्याने ठरवलं असेल तर आजच थांबवा. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस संस्थेनेही २०२१ मध्ये दर आठवड्याला व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत एमई/सीएफएसच्या रुग्णांसाठी मागे घेतली.

तुम्ही घरी एक तपासणी करू शकता. भावाला दहा मिनिटं आडवं झोपवा, मनगटाची नाडी मिनिटभर मोजा. मग भिंतीला पाठ टेकून, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून, न बोलता, न हलता दहा मिनिटं उभा करा आणि दर दोन मिनिटांनी नाडी मोजून कागदावर लिहा. शेजारी कुणीतरी उभं राहा, चक्कर आली तर लगेच झोपवा. झोपलेल्यापेक्षा नाडी तीसने किंवा जास्त वाढली आणि तशीच राहिली, तर उभं राहिल्यावर रक्ताभिसरण सांभाळणाऱ्या नसांचं गणित बिघडलेलं असू शकतं. याला पॉट्स म्हणतात आणि त्यावर इलाज आहे: जास्त पाणी, बीपी-किडनी ठीक असेल तर जास्त मीठ, पोटरी-मांडीला घट्ट मोजे, आणि गरज पडली तर नाडी आवरणाऱ्या गोळ्या. तो कागद डॉक्टरांना दाखवा.

त्याआधी साध्या गोष्टी तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, डी जीवनसत्त्व, वजन घटत असेल किंवा खोकला असेल तर क्षयरोग. तांबड्या-पांढऱ्याच्या गावातही बी-१२ कमी असलेले खूप जण भेटतात. विशेषतः ज्या घरात बायका शेवटी जेवतात तिथल्या बायका. म्हणून आईंचंही करा.

औषध काय, असं तुम्ही विचाराल. आज थकव्याच्या मुळावर घाव घालणारं सिद्ध औषध नाही, आणि याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. नॉर्वेत दोन डॉक्टरांना रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या औषधाने एमई/सीएफएसचे काही रुग्ण सुधारताना दिसले. २०११ मध्ये तीस रुग्णांवरची चाचणीही आशादायक निघाली, जगभरच्या रुग्णांनी जीव टांगला. त्यांनीच मग १५१ रुग्णांची मोठी चाचणी केली, आणि २०१९ मध्ये जाहीर केलं की औषध आणि नुसतं सलाईन यांत फरक नाही. आपल्याच आशेविरुद्धचा निकाल त्यांनी छापला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. लाँग कोविडमध्ये शरीरात विषाणूचे अवशेष राहतात म्हणून स्टॅनफर्डला १५५ रुग्णांवर पॅक्सलोविड या कोविडच्या विषाणूविरोधी औषधाचा १५ दिवसांचा कोर्स तपासला, २०२४ मध्ये निकाल आला, फायदा नाही. माझं मत असं आहे की आपण चार-पाच वेगळ्या बिघाडांना एकाच नावाखाली गोळा करतोय. कुणात अवशेष, कुणात स्वतःविरुद्धच्या अँटिबॉडी, कुणात नसांचा बिघाड, कुणात जुना एपस्टाइन-बार पुन्हा जागा झालेला. सगळ्यांना एकच औषध दिलं तर ज्याला लागू पडेल त्याचा फायदा बाकीच्यांत बुडून जातो. रक्तावरून हे गट वेगळे करता येणं ही पुढची पायरी आहे, आणि काम त्यावरच चाललं आहे. तोवर रक्त गाळून शुद्ध करतो, स्टेम सेल देतो, ‘डिटॉक्स’ करतो म्हणत लाखांची पावती फाडणाऱ्यांपासून लांब राहा. त्यासाठी म्हैस विकू नका.

भावाने करायचं ते शक्तीचा हिशोब. महिनाभर वहीत रोज काय काम केलं आणि दुसऱ्या दिवशी कसं वाटलं एवढं लिहावं. किती कामानंतर पडझड होते ती रेघ पंधरवड्यात कळते, मग तिच्या अलीकडेच थांबायचं. बऱ्या दिवशी राहिलेलं सगळं उरकून घेण्याचा मोह होतो, तोच आवरायचा. झोप लागत नसेल, मन खचलं असेल तर त्यावरही औषध घ्यावं. महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेल्या तरुणाला उदास वाटणं स्वाभाविक आहे. त्याने मूळ आजार मानसिक ठरत नाही. जगण्यात अर्थ नाही असं तो बोलू लागला तर मात्र एक दिवसही वाट बघू नका.

थांबू नये अशी आणखी काही लक्षणं: एकच सांधा लालबुंद होऊन ताप येणं, पायातली ताकद जाणं किंवा मुंग्या वर चढत जाणं, छातीत दुखणं, दम लागणं, वजन झपाट्याने घटणं. यात कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.

कामाचं राहिलं. फौंड्रीत भट्टीजवळ आठ तास उभं राहण्याऐवजी स्टोअरला किंवा तपासणीच्या टेबलावर बसून काम मिळेल का ते विचारा, डॉक्टरांनी ‘उभं राहण्याचं आणि उष्णतेचं काम तूर्त टाळावं’ असं स्पष्ट लिहून दिलं तर बोलायला आधार मिळतो. तो कंत्राटी असला तरी पगाराच्या पावतीवर ईएसआयसीची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात दिसते का बघा. ती असेल आणि आधीच्या वर्गणी काळात पुरेसे दिवस भरले असतील तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. त्यासाठी दाखला ईएसआयसीच्या डॉक्टरांचा लागतो, म्हणून खासगी दवाखान्याचे कागद जवळ असले तरी पहिल्या दिवसापासून तिथे नाव नोंदवून ठेवा.